सतरा जूनची नोटीस

घणसोलीहून एका वाचकांनी लिहिलं आहे. २०१४ साली कंपनीतल्या मित्राच्या ४ लाखांच्या कर्जाला ते जामीन राहिले. मित्राने हप्ते थकवले आणि नोकरी सोडून तो गावी निघून गेला. कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीने २०१७ मध्ये ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात दोघांवर दावा लावला. समन्स गेलं ते कळव्याच्या खारेगावातल्या भाड्याच्या खोलीवर, जी यांनी जून २०१६ मध्येच सोडली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये ३ लाख ८६ हजार आणि त्यावर ९ टक्के व्याज असा एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे प्रतिवादी हजर नसताना दिलेला निकाल, झाला. यंदा १७ जूनला घणसोलीच्या घरी दरखास्तीची, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची, नोटीस आली, ती पत्नीने सही करून घेतली. यांनी त्याच रात्री नोटिशीचा फोटो काढून मेहुण्यांना पाठवला. मेहुणे म्हणाले, सहा वर्षं झाली, आता काही होत नाही. ऑगस्टच्या पगारातून १५ हजार कापले गेले, तेव्हा पत्र आलं.

विचारतात: 'पेपरात जाहिरात दिली होती म्हणे, मी ती पाहिलीच नाही. निकाल रद्द होईल का? अर्जात मला ऑगस्टमध्ये कळलं असं लिहिलं तर चालेल का? आणि पत्नीने सही करायला नको होती का?'

जामीन राहण्याआधी काय पाहावं हे आता सांगून उपयोग नाही, म्हणून ते सोडतो. 'मूळ कर्जदाराला आधी धरा' हा युक्तिवादही सोडा. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि वसुली कोणाकडून करायची ते कंपनी ठरवते. तुमचं सगळं प्रकरण मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ वर उभं आहे, आणि तिथे तुम्ही ज्याला घाबरताय ती गोष्ट तुमच्या बाजूची आहे. ज्याकडे दुर्लक्ष केलंत ती मात्र तुमच्या विरुद्ध आहे.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम १३ खाली होतो. मुदत ३० दिवसांची. हे ३० दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. पण समन्सची रीतसर बजावणी झालीच नसेल, तर हुकूमनामा झाल्याचं तुम्हाला ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून. याच अनुच्छेदाखाली एक छोटं स्पष्टीकरण आहे, ते तुमच्या वकिलांना मोठ्याने वाचायला सांगा. आदेश ५, नियम २० खालची पर्यायी बजावणी, म्हणजे ती पेपरातली जाहिरात, या अनुच्छेदापुरती रीतसर बजावणी मानायची नाही. थोडक्यात, 'जाहिरात छापली, म्हणून तुमची मुदत मार्च २०१९ मध्येच संपली' असं वादीला म्हणता येणार नाही.

पण मग घड्याळ कधी सुरू झालं? १७ जूनला. त्या नोटिशीवर दाव्याचा नंबर, निकालाची तारीख, रक्कम सगळं असतं. तुम्ही ती वाचलीत, फोटो काढलात, दुसऱ्याला पाठवलीत. ३० दिवस १७ जुलैला संपले. तुमचं पत्र सप्टेंबरच्या मध्यावर माझ्या हातात पडलं. पेपरातल्या जाहिरातीने जे गेलं नव्हतं, ते तुम्ही नोटीस कपाटात ठेवून तीन महिन्यांत घालवत आणलंत. मला याचा राग येतो, कारण असं पत्र दर महिन्याला येतं आणि प्रत्येकात एक मेहुणा, एक शेजारी किंवा ऑफिसातला एक जाणकार असतोच. हुकूमनाम्याची अंमलबजावणी १२ वर्षांपर्यंत मागता येते. निकालाला दोन वर्षं उलटल्यावर दरखास्त लावली तर आधी नोटीस द्यावी लागते, एवढंच. तुम्हाला आली ती हीच. ती आली याचा अर्थच असा की वादी जागा आहे.

आता ऑगस्टची तारीख लिहिण्याबद्दल. नाही. दरखास्तीच्या कागदांत बेलिफाचा, म्हणजे नोटीस बजावणाऱ्या कोर्टाच्या माणसाचा, अहवाल लागलेला असतो, त्यावर तुमच्या पत्नीची सही आणि तारीख आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पक्षकार आले होते, त्यांनी आधीच्या अर्जात अशीच सोयीची तारीख शपथेवर लिहिली होती. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी एकच कागद पुढे केला, मुलाच्या सहीची पोच. त्यानंतर त्यांच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवला नाही, आणि त्यांच्या बाबतीत बजावणी खरोखरच चुकीची होती. खोटी शपथ हा गुन्हा आहे ही गोष्ट वेगळीच. तारीख १७ जूनच लिहा, आणि उशीर मान्य करून मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा. दरखास्तीच्या, म्हणजे आदेश २१ खालच्या अर्जांना कलम ५ लागू नाही, पण आदेश ९ नियम १३ च्या अर्जाला आहे.

माफीसाठी पुरेसं कारण लागतं. मेहुण्यांचं मत हे कारण नव्हे. कायदा माहीत नव्हता हेही नव्हे. पण तुमच्या पत्राच्या शेवटी एक अर्धं वाक्य आहे: 'त्यात जुलैत आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं.' हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, आणि अख्ख्या पत्रात माझ्या कामाचं वाक्य तेच आहे. आई कधी दाखल झाल्या, घरी कधी आल्या, रात्री हॉस्पिटलमध्ये कोण थांबत होतं, तुम्ही ऑफिसातून किती दिवस रजा घेतली? डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं आणि रजेची नोंद लावा. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली कातिजींच्या प्रकरणात सांगितलं की 'दिवसादिवसाच्या उशिराचा खुलासा' हा नियम व्यवहार्य दृष्टीने लावायचा, ताणायचा नाही. मात्र आईच्या आजारपणाने जेवढे दिवस झाकले जातात तेवढेच झाकले जातील. उरलेल्यांसाठी न्यायाधीश काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही. इतकं सांगतो की दोन महिन्यांचा उशीर सहा महिन्यांपेक्षा सोपा असतो, आणि हे पत्र छापून येईपर्यंत तुम्ही वाट पाहिलीत तर तो आणखी वाढलेला असेल.

उशीर माफ झाला तरी रद्द करण्याचं कारण वेगळं दाखवावं लागतं: समन्स रीतसर बजावलं गेलं नाही, किंवा हजर न राहण्याला सबळ कारण होतं. इथे रोजनामा, म्हणजे कोर्टातल्या कामाची तारखेवार नोंद, हाताशी नसताना बोलणं म्हणजे अंधारात चाचपडणं. कारण बजावणी नेमकी कशी झाली हे तुम्हालाही माहीत नाही. तुम्ही 'पेपरात जाहिरात' म्हणता. पण बेलिफ समन्स दारावर चिकटवून आला, त्याचा जबाब घेऊन कोर्टाने 'बजावणी झाली' असं नोंदवलं, हेही शक्य आहे. ती आदेश ५ मधल्या नियम १७ ची बजावणी, नियम २० ची नव्हे, आणि वर सांगितलेलं स्पष्टीकरण तिला लागू होत नाही. तसं असेल तर तुम्हाला दाखवावं लागेल की ते घर त्या वेळी तुमचं राहतं घर नव्हतंच. घणसोलीचा २०१६ चा लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार, गॅसचं कनेक्शन, मुलीच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, यातलं जे आहे ते काढा.

आणि घरमालकांचा फोन. २०१७ च्या दिवाळीच्या सुमारास खारेगावच्या मालकांनी 'कोर्टाचा माणूस आला होता' असं सांगितलं आणि तुम्ही 'मित्राचं प्रकरण आहे' म्हणून सोडून दिलंत, असं तुम्ही लिहिता. प्रामाणिकपणे लिहिलंत, बरं केलंत. नियम १३ चं दुसरं परंतुक, म्हणजे नियमाला जोडलेली अट, असं आहे की बजावणीत नुसती त्रुटी आहे म्हणून निकाल रद्द होणार नाही, जर प्रतिवादीला सुनावणीची तारीख माहीत होती आणि हजर राहायला पुरेसा वेळ होता. 'कोर्टाचा माणूस आला होता' यात तारीख नाही, कोणतं कोर्ट ते नाही, दाव्याचा नंबर नाही. वादी हा फोन तुमच्यावर उलटवू पाहील, पण परंतुकात बसवायला तो अपुरा आहे असं माझं मत आहे. विचारलं तर लपवू नका.

उलट त्या मालकांना जाऊन भेटा. समन्स चिकटवलं असेल तर घर कोणी दाखवलं आणि ते कोणासमोर चिकटवलं, हे बेलिफाला अहवालात लिहावं लागतं. तिथे बहुधा त्यांचंच नाव असेल. आणि त्यांनी बेलिफाला 'ते इथे राहत नाहीत, वर्ष झालं सोडून' असं सांगितलं असेल आणि बेलिफाने ते प्रामाणिकपणे उतरवलं असेल, तर त्या दोन ओळींवर तुमची बाजू जितकी उभी राहील तितकी माझ्या कोणत्याही युक्तिवादावर राहणार नाही.

दुसरा भक्कम मुद्दा तुमच्या कर्जाच्या कागदांत आहे. जामीनदार म्हणून तुम्ही पगाराची स्लिप जोडली होती. त्यावर कंपनीचं नाव आणि पत्ता होता, आणि तुम्ही आजही तिथेच काम करता. आज पगार जप्त करायला जो पत्ता वादीला बरोबर सापडला, तोच २०१७ मध्ये समन्स द्यायला का सापडला नाही? साध्या मार्गाने बजावणी होत नाही याची खात्री पटल्यावरच कोर्ट पर्यायी बजावणीचा हुकूम देतं. तो हुकूम मिळवताना वादीने शपथेवर काय सांगितलं, त्याची नक्कल मिळवाच. वादी प्रत्युत्तरात करारातलं कलम दाखवील, 'पत्ता बदलल्यास लेखी कळवीन'. असं कलम बहुतेक करारांत असतं आणि तुम्ही कळवलं नाहीत. हा तुमचा कच्चा दुवा आहे. ऑफिसच्या पत्त्याने त्याला उत्तर मिळतं, पूर्ण मिळतं असं मी म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट हुकूमनाम्याच्या पहिल्या पानावर पाहा. दावा आदेश ३७ खालचा, म्हणजे समरी सूट (झटपट निकालाचा दावा) असेल, तर मार्ग नियम १३ चा नाही, आदेश ३७ नियम ४ चा आहे. तिथे 'विशेष परिस्थिती' दाखवावी लागते आणि दाव्यात बचावाला जागा आहे हेही सोबतच पटवावं लागतं. ते अवघड आहे.

कोणी जिल्हा न्यायालयात अपील करा म्हणेल. कायद्याने ते करता येतं, पण तुमच्यासाठी मी ते सुचवणार नाही. अपील मागे न घेता दुसऱ्या कोणत्याही कारणाने निकाली निघालं, की नियम १३ चा दरवाजा बंद होतो.

अर्ज ज्या कोर्टाने हुकूमनामा केला तिथेच द्यायचा. बेलापूरचं कोर्ट सोयीचं म्हणून तिकडे जाऊ नका; घणसोलीहून ठाणे चौथं स्टेशन आहे.

पगाराचं गणित बरोबर आहे. तुमचा पगार ४६ हजार. पहिले १ हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत, म्हणजे ४५ हजारांचा एक तृतीयांश, १५ हजार, कापले जातात. कंपनीच्या एचआरशी भांडू नका, त्यांच्यावर कोर्टाचा हुकूम आहे. एकाच हुकूमनाम्यापोटी एकूण २४ महिने जप्ती झाली की त्यासाठी पगार पुन्हा जप्त होत नाही. पण तोवर ३ लाख ६० हजार गेलेले असतील. म्हणून मुख्य अर्जासोबत दरखास्तीला स्थगितीचा अर्ज द्या, आणि स्थगिती मिळाली नाही तर निदान कापलेली रक्कम कोर्टात जमा राहावी, वादीला देऊ नये, अशी विनंती करा. कोर्ट काही रक्कम भरायला सांगेल. किती, ते न्यायाधीशांच्या मर्जीवर आहे. थोडे पैसे तयार ठेवा. आपल्याकडे असा साधा अर्ज निकाली निघायला वर्ष उलटतं, साक्षी लागल्या तर त्याहून जास्त, आणि तेवढा काळ माणसाचा पगार अर्धवट हातात येत राहतो. ज्या अर्जाचा निकाल चार कागद पाहून लागू शकतो त्याला इतका वेळ का लागावा, याचं समाधानकारक उत्तर मला इतक्या वर्षांत मिळालेलं नाही.

निकाल रद्द झाला तर दावा पुन्हा उभा राहील आणि तुम्हाला कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यावी लागेल. कर्ज तेवढ्याने पुसलं जात नाही. शेवटचा हप्ता कधी भरला आणि दावा तीन वर्षांच्या आत लागला का, हे तेव्हा पाहू. भरावं लागलंच तर मित्राकडून ते वसूल करण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम १४५ ने तुम्हाला आहे.

ज्यांची प्रकरणं पतपेढीची आहेत त्यांनी वरचं काही स्वतःला लावून घेऊ नये. तुमच्या हातात सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला असेल, तर तो हुकूमनामा नव्हे. त्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करावा लागतो आणि तो घेण्याआधी वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात.

आता पत्नीबद्दल. त्यांनी सही करून नोटीस घेतली हे अगदी योग्य केलं. नाकारली असती तर नाकारल्याची नोंद झाली असती आणि ती बजावणीच धरली गेली असती. शिवाय तुम्हाला तारीख, नंबर, काहीच कळलं नसतं. त्यांनी कागद तुमच्या हातात दिला. पुढचे तीन महिने तुमचे होते.

उद्या रजा टाका. कोर्ट नाक्यावर जाऊन नक्कल विभागात अर्ज द्या: हुकूमनामा, संपूर्ण रोजनामा, समन्सवरचा बेलिफाचा अहवाल, पर्यायी बजावणीचा अर्ज आणि त्यावरचा हुकूम. नंबर नोटिशीवर आहे. नकला मिळेपर्यंत थांबू नका, वकिलांना रेकॉर्डची पाहणी करून मुख्य अर्ज आणि विलंब माफीचा अर्ज याच आठवड्यात दाखल करायला सांगा, नकला मागाहून जोडता येतील. आणि परत येण्याआधी कळव्याला जाऊन खारेगावच्या मालकांना भेटून या.