आजीच्या आठवणींची पुस्तिका वर्षश्राद्धापर्यंत कशी तयार करावी?

तुम्ही विचारलंय: आजी नाशिकला पंचवटीत राहायच्या, गल्लीभर ओळख, पाच आठवड्यांनी वर्षश्राद्ध आहे. त्यांच्या आयुष्याची छोटी पुस्तिका करायची तर सुरुवात कुठून करावी?

घरातून नको, बाहेरून करा. माणसांत रमणाऱ्या बाईचं निम्मं आयुष्य घरच्यांनी पाहिलेलंच नसतं. ते भजनी मंडळात असतं, भिशीत असतं, उन्हाळ्यात जिथे चार घरच्या कुरडया एकत्र पडायच्या त्या गच्चीवर असतं. शिवाय मैत्रिणी त्यांच्याच वयाच्या. घरचे पुढच्या महिन्यातही सांगतील, मैत्रिणींना आधी गाठा. पहिले तीन आठवडे फक्त त्यांच्यासाठी ठेवा.

एकेकीला गाठण्यापेक्षा दोघींना एकत्र बसवा. एक चुकली की दुसरी तिला अडवते आणि त्यातूनच खरं बाहेर येतं. "आजी कशा होत्या?" असं विचारू नका, "फार प्रेमळ हो!" एवढंच मिळेल. "तुमच्याकडे शेवटच्या आल्या तेव्हा हातात काय होतं?", "त्या कुणावर रागवायच्या?", "भिशीचे पैसे कशात ठेवायच्या?" असं विचारा. वर्ष आठवत नसेल तर खूण द्या: गोदावरीच्या १९६९ च्या महापुराआधी की नंतर? ७२ च्या दुष्काळात मुलं केवढी होती? कुंभ २००३ चा की २०१५ चा? या खुणांवरून वर्ष बरंच जवळ येतं.

फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मधे कॉल आला की रेकॉर्डिंग थांबू शकतं. तो घडी घातलेल्या पंच्यावर ठेवा, पंखा बंद करा. पाऊण तासाच्या वर बसवू नका. घरी आल्यावर त्याच रात्री नावं लिहून काढा; "कमळाबाई" दोन असतील तर आठवड्याने तुम्हालाच कळणार नाही.

आता घरातली भांडी काढा. हा कागदपत्रांइतकाच पक्का पुरावा आहे, आणि लोक नेमका तोच विसरतात. जुन्या पितळी-स्टीलच्या डब्यांवर, ताटांच्या काठावर देणाऱ्याचं नाव, निमित्त आणि तारीख कोरलेली असते: कुणाचं लग्न, कुणाची मुंज, कुठलं हळदीकुंकू. अक्षरं झिजली असतील तर घासू नका, उरलेलीही जातील. भांडं कोरडं करून अंधारात टॉर्च अगदी आडवा धरा. किंवा बोटाने टाल्कम पावडर चोळून वरची पुसून टाका, खाचांतली राहते आणि नाव पांढरं उमटतं. लगेच फोटो घ्या.

त्यांचा एखादा पदार्थ घेणार असाल तर "दोन वाट्या" लिहू नका. त्यांचीच वाटी शोधा, भरून वजन करा, ग्रॅम लिहा. घरोघरच्या वाट्या वेगळ्या, म्हणूनच तो मसाला पुढे कुणाला जमत नाही.

माहेरचं नाव विसरू नका. शाळेचा दाखला त्याच नावाने निघेल. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आडनाव आणि मूळ गाव सांगून घराण्याची नोंद शोधता येते. सासर आणि माहेर, दोन्ही विचारा.

जुने फोटो चिकट अल्बममधून ओढून काढू नका, वरचा थर सोलून येतो. पानासकट ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने आणि हलक्या हाताने, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.

छपाईला पानांची संख्या चारच्या पटीत लागते. ए-फोरचे चार कागद मधे दुमडून पिना मारल्या की सोळा पानं होतात. मुखपृष्ठ आणि फोटो वजा जाता मजकूर दीड हजार शब्दांपर्यंतच ठेवा. अक्षर १४ पॉइंटचं हवं, वाचणारे साठीच्या पुढचे आहेत. छापखान्यात युनिकोडची फाइल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर जोडाक्षरं फुटतात, म्हणून फॉन्ट आत बसवलेली पीडीएफच द्या आणि एक प्रत छापून वाचल्याशिवाय बाकीच्या काढू देऊ नका. वाटणीचे, भांडणांचे प्रसंग गाळा. ज्यांच्याबद्दल ते आहेत ती माणसं त्याच पंगतीत असतील.

प्रती जेवणाची पानं वाढायच्या आधी वाटा, जेवणानंतर लोक घाईत असतात. शेवटची दोन पानं कोरी सोडा आणि एक प्रत पेनासकट दाराजवळ ठेवा. चुकलेलं नाव, राहून गेलेली गोष्ट बायका तिथेच सांगतील. लिहिता न येणाऱ्यांसाठी घरातली एखादी मुलगी शेजारी बसवा.