एका सुरासाठी अख्खी संध्याकाळ

तुझा मेसेज वाचला, सॅक्सोफोनवर क्लासिकल करायचंय आणि ऑर्केस्ट्रात कायमची खुर्ची हवीय म्हणतोस. खुर्ची बहुतेक नाही मिळणार, आधीच सांगतो, नंतर रुसायला नको. अडॉल्फ सॅक्सने पॅरिसमध्ये १८४६ ला सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं तोवर ऑर्केस्ट्राची पंगत बसून झाली होती (बसून, म्हणजे ते लांब लाकडी फुंकवाद्य, तर नावातच बसलेलं!), वर पॅरिसच्या वाद्य बनवणाऱ्यांशी त्याची कोर्टकचेरी चालू, त्यामुळे मिलिटरी बँडने वाद्य उचललं आणि ऑर्केस्ट्राने पाहुण्यासारखं अधूनमधून बोलावलं.

पण पाहुण्याच्या ताटात काय वाढलंय ते बघ ना. बिझे या संगीतकाराचं लार्लेझिएन १८७२ चं, रावेलच्या बोलेरोत टेनर आणि सोप्रानो (सॅक्सचेच खालच्या आणि वरच्या आवाजाचे प्रकार), रखमानिनोफच्या सिम्फॉनिक डान्सेसमध्ये पहिल्याच भागात आल्टोची (मधल्या आवाजाच्या सॅक्सची) ती लांब, उदास धून, आणि मग पुढचे दोन भाग सॅक्सवाला गप्प!

माझं लाडकं म्हणजे मुसोर्ग्स्कीच्या 'पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन' या पियानोच्या रचनेतला 'जुना किल्ला' हा तुकडा. रावेलने १९२२ मध्ये ऑर्केस्ट्रासाठी लिहिताना ती धून आल्टोला दिली. आधी तीन तुकडे तू नुसता बसलेला, मग बसूनवाले सुरुवात करतात, आणि तू. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मी एकदम भारी तयारीत होतो, रियाज कडक, पण एसीत तेवढ्या वेळात सॅक्स गार पडला, रीड (तोंडाशी थरथरणारी वेताची पट्टी) सुकली आणि माझा पहिलाच सूर उतरलेला निघाला. कंडक्टर काही बोलला नाही, फक्त भुवई वर. त्या भुवईने जे शिकवलं ते कुठल्या क्लासमध्ये नाही शिकलो. आता एंट्रीच्या आधी रीड तोंडात ओली ठेवतो आणि आवाज न करता सॅक्समध्ये गरम फुंकर मारत राहतो, तू पण तेच कर.

आणि हो, जॅझचा तो मोठा खरखरीत आवाज घरी ठेव, मलाही तो आवडतो, पण इथे शेजारी क्लॅरिनेट आहे, त्याच्यात मिसळता आलं पाहिजे. व्हायब्रेटो (सुराचं थरथरणं) कमी, माउथपीस (तोंडात धरायचा भाग) बदल, बघू कोणता ते.

रविवारी ये. सॅक्स केसमध्येच राहू दे, आधी रेकॉर्डिंग लावू आणि किल्ल्यापर्यंतचे बार (तालाची आवर्तनं) तू बोटांवर मोजून दाखव.