नवीन घर बांधताना सिक्युरिटी सेन्सरची वायरिंग आत्ताच करावी की नंतर वायरलेस लावावं?

तुम्ही लिहिलंय की पेडण्यात चिऱ्याचं दुमजली घर बांधताय, स्लॅब पंधरा दिवसांवर आलाय आणि इलेक्ट्रिशियन म्हणतो, 'मागाहून वायरलेस लावू.' माझं ऐकाल तर वायरी हव्या तर मागाहून ओढा, पण रिकामे पाइप आत्ताच टाका.

फोंड्याला आमचं घर झालं तेव्हा मी हे केलं नाही. पुढच्या भिंतीला गिलावा न करता चिरा उघडाच ठेवला होता. पुढे आईबाबा एकटे राहू लागले, अलार्म बसवायचं ठरलं. पण उघड्या चिऱ्यात खाच मारली की ती बुजवली तरी दिसतेच. शेवटी त्या चार खिडक्यांना वायरलेस सेन्सर लावले. आता त्यांची बॅटरी संपली की बाबा स्वतः शिडी काढतात, आणि इतक्या लांबून मी नुसता काळजी करत बसतो.

म्हणून प्रत्येक दार-खिडकीपासून पॅनेलच्या (सगळ्या सेन्सरच्या वायरी जिथे येतात त्या अलार्मच्या मुख्य पेटीच्या) जागेपर्यंत वेगळी वायर जाईल असा मार्ग ठेवा, मध्ये कुठे जोड नको. पॅनेल आतल्या खोलीत, दारापाशी फक्त कीपॅड. पॅनेलपासून वरच्या मजल्यावर जाणारे २५ मिमीचे दोन पाइप स्लॅबच्या आधी सोडून घ्या, एवढं मेस्त्रीला आजच सांगा. सेन्सरची वायर विजेच्या पाइपातून मुळीच नेऊ देऊ नका. दोन्ही शेजारून जात असतील तर फूटभर अंतर ठेवा. केबल चार कोअरची (आत चार वेगळ्या तारा असलेली) आणि शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती आपल्या दमट हवेत टिकत नाही.

खिडकीला रीड स्विच लागतो: चौकटीत स्विच, पल्ल्यात लोहचुंबक. वायर चौकटीच्या वरच्या अंगाने आणा, कारण पावसाचं पाणी खाली साचतं. भोक सुताराकडून चौकट बसवायच्या आधीच पाडून घ्या. लाकडी पल्ले पावसाळ्यात फुगतात, नीट मिटत नाहीत, तेव्हा थोडं अंतर पडलं तरी चालेल असा स्विच मागा.

एका गोष्टीवर मात्र अडून बसा. लूपच्या, म्हणजे पॅनेलपासून सेन्सरपर्यंत जाऊन परत येणाऱ्या वायरीच्या, टोकाचा रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग, ज्यावरून पॅनेल वायर शाबूत आहे का ते ओळखतं) पुष्कळ जण पॅनेलच्या पेटीतच लावून मोकळे होतात. तो सेन्सरपाशीच हवा. नाहीतर उद्या भिंतीत खिळा मारताना वायर शॉर्ट झाली, तर खिडकी सताड उघडी असली तरी पॅनेलला ती बंदच वाटेल.

हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर सात-आठ फूट उंचीवर, कोपऱ्यात, उन्हाच्या खिडकीकडे तोंड न करता लावा. त्याच्या भिंगावरून पाल फिरली तरी अलार्म वाजतो, त्यामुळे वायरीचं भोक सिलिकॉनने बुजवा आणि जवळ दिवा ठेवू नका. पावसाळ्यात वीज जाते तेव्हासाठी पॅनेलमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी हवीच.

गिलाव्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढा. प्रत्येक पाइपात मागाहून वायर ओढायला जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार सोडून, नंबराची चिठ्ठी बांधून तोंडं घट्ट बंद करा. आमच्याकडे गेटच्या दिव्यासाठी टाकलेला एक पाइप उघडा राहिला होता. त्यात कुंभारमाशीने असं घर केलं की तो शेवटी सोडूनच द्यावा लागला.