वाचकांचे प्रश्न : विली नेल्सनचा 'रेड हेडेड स्ट्रेंजर'

प्रश्न : एका मित्राने मागे लागून अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सनचा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' हा अल्बम ऐकायला लावला. खरं सांगू का, मला तो अर्धवट वाटला. एक गिटार, एक आवाज, मधेच थोडा पियानो, बस. एवढं कौतुक कशाचं करतात?

उत्तर : अर्धवट वाटला यात नवल नाही, 1975 साली त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या, म्हणजे कोलंबिया रेकॉर्ड्सच्या साहेब लोकांनाही तो डेमोच वाटला होता, म्हणजे खरं रेकॉर्डिंग अजून व्हायचंय असं. पण अल्बम कसा असावा हे ठरवायचा हक्क करारातच विलीकडे होता, म्हणून तो होता तसाच बाहेर आला. त्या काळी नॅशव्हिलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या राजधानीत, कंट्री गाणं (तिथलं गावाकडच्या वळणाचं लोकप्रिय गाणं) म्हटलं की मागे व्हायोलिनचा ताफा, कोरस, सगळं गुळगुळीत करून द्यायचं अशी पद्धत होती. विलीने तिथे बरीच वर्षं काढली, 'क्रेझी'सारखं गाणं लिहिलं, ते गायिका पॅट्सी क्लाइनने 1961 मध्ये अजरामर केलं, पण स्वतः गायक म्हणून त्याची डाळ काही शिजत नव्हती. शेवटी तो टेक्ससला परतला, आणि हा अल्बम केला तो गार्लंड नावाच्या गावातल्या स्टुडिओत, आपल्या नेहमीच्या बँडला घेऊन, थोडक्या दिवसांत. पियानोवर त्याची सख्खी बहीण बॉबी, हार्मोनिकावर मिकी राफाएल, ड्रम्सवर पॉल इंग्लिश. ही सगळी मंडळी हाताशी असताना त्याने त्यांना बहुतेक वेळ गप्प बसवलंय, आणि ते मुद्दाम आहे हो. पुढच्या प्रश्नात त्याचं कारण येतंय.

प्रश्न : मी यातलं 'ब्लू आइज क्रायिंग इन द रेन' हे एकच गाणं ऐकते आणि मला ते जीव की प्राण आहे. बाकीचा अल्बम ऐकायलाच हवा का?

उत्तर : हवाच, आणि शफल बंद करून, पहिल्या गाण्यापासून क्रमाने. सगळा मिळून अर्ध्या तासाच्या थोडा वरच आहे. कारण असं की तुम्ही जे गाणं ऐकताय ते सुटं ऐकलं की ताटातूट झालेल्या प्रियकराचं गोड विरहगीत वाटतं. गाणं विलीचं नाहीच मुळी, फ्रेड रोझने लिहिलेलं, रॉय एकफने 1947 मध्ये गायलेलं. पण अल्बममध्ये त्याच्या आधी काय घडतं बघा. एक धर्मोपदेशक आहे, त्याची बायको जुन्या प्रियकरासोबत निघून जाते, तो घोड्यावरून माग काढत जातो, दोघं दारूच्या गुत्त्यात सापडतात आणि तो दोघांनाही गोळ्या घालतो. हे सगळं फार थोड्या ओळींत, आवाज न चढवता सांगून टाकलंय. आणि त्याच्या लगेच पुढचं गाणं तुमचं! म्हणजे ज्या बाईसाठी तो रडतोय तिला त्यानेच मारलंय. गाण्याचा एक शब्द बदललेला नाही, फक्त जागा बदलली, आणि स्वर्गात पुन्हा भेटू ही जी त्यातली आशा आहे ती ऐकताना अंगावर काटा येतो. इथे मागे व्हायोलिनं घातली असती तर आपल्याला कसं वाटायला हवं ते त्यांनीच सांगून टाकलं असतं. विली तसं करत नाही, शब्द तालाच्या किंचित मागे ठेवत गातो, मधे गिटारवर तीच चाल साधेपणाने वाजवतो आणि बाकीचं आपल्यावर सोडतो. हेच गाणं 1975 च्या ऑक्टोबरमध्ये कंट्री चार्टवर पहिल्या नंबरला गेलं, गायक म्हणून त्याचं पहिलंच, तेव्हा तो 42 वर्षांचा होता.

प्रश्न : पण हे खुन्याला सहानुभूती देणं नाही का? शिवाय शीर्षकगीतात तो आणखी एका बाईला मारतो, तेही एका घोड्यापायी!

उत्तर : मलाही ते गाणं दर वेळी टोचतं, आणि टोचायलाच हवं असं माझं मत आहे. ती बाई त्याच्या मेलेल्या बायकोच्या घोड्याला हात लावते म्हणून तो गोळी घालतो, आणि घोडा चोरणाऱ्या बाईला मारलं म्हणून फाशी देता येत नाही एवढं सांगून गाणं मोकळं होतं, म्हणजे कायद्याने सोडलं पण तो सुटलाय कुठे? रेकॉर्डची दुसरी बाजू सुरू होते ती 'जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम' या प्रार्थनेने, जी अमेरिकेतल्या चर्चमध्ये पापी माणसाला पुढे बोलावताना म्हणतात, आणि इथे तिच्यात शब्दच नाहीत, नुसतं वाजवलेलं आहे. आयुष्यभर प्रवचनं दिलेल्या माणसाकडे आता बोलायला काही उरलेलं नाही असंच मी ते ऐकतो. पुढे डेन्व्हरमध्ये त्याला एक बाई भेटते, तो हळूहळू माणसांत येतो, पण गाणी त्याला माफ केलं असं कुठेच म्हणत नाहीत. तुम्हाला ते पुरेसं वाटलं नाही तरी मी वाद घालणार नाही.

प्रश्न : गिटारचा तो वेगळाच आवाज कशामुळे येतो?

उत्तर : ती मार्टिन कंपनीची एन-20, नायलॉनच्या तारांची, 1969 पासून त्याच्याकडे आहे. नाव ट्रिगर, जुन्या काउबॉय सिनेमांतला नट रॉय रॉजर्स याच्या घोड्याच्या नावावरून ठेवलेलं. अशी गिटार खरं तर बोटांनी वाजवायची, विली पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकतीने वाजवतो, त्यामुळे लाकूड झिजून भोक पडलंय, तरी तीच वाजवतो.

प्रश्न : हा आवडला तर पुढे काय ऐकू?

उत्तर : याच्या आदल्या वर्षीचा, 1974 चा 'फेजेस अँड स्टेजेस'. मोडलेलं लग्न, एक बाजू बायकोच्या नजरेतून आणि दुसरी नवऱ्याच्या. बायकोची बाजू आधी आहे, तीच आधी ऐका.