स्वे बार कायमचा काढू नकोस

अरे, गाडी दोन इंच लिफ्ट केलीस, म्हणजे उंच केलीस, छान झालं. पण स्वे बार काढून घरी ठेवायचा विचार सोडून दे. हा बार डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी जोडतो, म्हणून वळणावर गाडी एका अंगावर कमी कलते. लिफ्टमुळे तिचा गुरुत्वमध्य आधीच वर गेलाय. ताम्हिणीच्या वळणावर समोरून एसटी आली आणि स्टिअरिंग झटकन फिरवावं लागलं, तर? मी एकदा बारशिवाय तो घाट चढून आलो. मुळशी येईपर्यंत तळहात ओले होते.

दगडधोंड्यांत मात्र बार सोडवायलाच हवा. एक चाक दगडावर चढलं तरी दुसरं जमीन धरून राहतं. पुढे अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) असलेल्या जिम्नीत हा फरक ठळक जाणवतो, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलणारं) असलेल्या नव्या थारमध्ये कमी.

क्विक डिस्कनेक्ट लिंक घे, म्हणजे बारची टोकं चाकांकडे जोडणारे, पटकन सोडवता येणारे दांडे, लिफ्टच्या मापाने लांब. सपाट जागी दोन्ही बाजू सोडव, बार वर घट्ट बांध. मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून, वाकून बघ: ब्रेकच्या नळीला काही घासतंय का? डांबरी रस्ता लागला की आधी लिंक जोड, मगच पुण्याकडे निघ.