बोटीचं नाव : आधी कागदावर, मग फळीवर

पावसाळी मासेमारीबंदीत (१ जून ते ३१ जुलै) बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. घासकाम आणि रंगकाम याच दिवसांत होतं, नाव घालायचं किंवा बदलायचंही याच दिवसांत ठरतं. या वेळी आलेल्या पत्रांमधले नावाविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : इंजिनाची लाकडी बोट जुनी विकत घेतली. आधीच्या नाखव्यांनी (बोटमालकांनी) तिला आपल्या आईचं नाव दिलं होतं आणि ते आम्ही वापरू नये अशी त्यांची इच्छा आहे. पेंटर उद्या यायला तयार आहे. नवं नाव रंगवून घेऊ का? – वाचक, हर्णै

पेंटरला थांबवा. फळीवरचं नाव सगळ्यात शेवटी बदलायचं असतं.

बोटीची खरी ओळख म्हणजे ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. मालक किंवा नाव बदललं, तरी बोट त्याच नोंदणीत असेपर्यंत क्रमांक तोच राहतो. पण समुद्रात बोट अडवली की गस्तीवाले क्रमांक, नाव आणि कागद, तिन्ही जुळतात का ते पाहतात. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पळवून आले होते. तेव्हापासून ही तपासणी कडक झाली आणि ती तशीच हवी. फळीवर एक नाव आणि प्रमाणपत्रावर दुसरं असेल, तर तुम्ही खरे मालक असूनही बोट बंदरात आणून उभी करावी लागेल.

आधी मालकी तुमच्या नावावर होऊ द्या. नाव बदलण्याचा अर्ज नोंदलेल्या मालकाचाच लागतो. खरेदीखत खिशात असून भागत नाही. आधीच्या मालकांनी बोटीवर कर्ज काढलं असेल, तर बोजा उतरल्याचं किंवा ना हरकतीचं बँकेचं पत्र आत्ताच मागून घ्या, कारण बहुतेक प्रकरणं तिथेच अडकतात. त्यानंतर सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयातल्या परवाना अधिकाऱ्यांना भेटा. नोंदणीचं काम केंद्राच्या ‘रिअलक्राफ्ट’ पोर्टलवर चालतं. मूळ नोंदणी प्रमाणपत्र, मासेमारी परवाना, खरेदीखत, आधार, मच्छीमार सोसायटीचं पत्र, बोटीचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि नाव बदलण्याचं कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र एवढी तयारी ठेवा. कार्यालयागणिक यादीत थोडा फरक पडतो, म्हणून ती आधी लिहून घ्या. फोटो जुन्या नावासकट काढा. आधीच खरवडून टाकलेल्या बोटीचा फोटो जोडला, तर ही तीच बोट कशावरून, असा प्रश्न निघतो आणि पाहणीसाठी पुन्हा थांबावं लागतं.

नव्या नावाचं प्रमाणपत्र हातात आलं की त्याच्या प्रती घेऊन पुढची कामं करा : परवाना, विमा, सोसायटीची नोंद आणि डिझेल कोटा, बँक, ट्रान्सपॉन्डर (बोट कुठे आहे ते कळवणारं यंत्र). विमा मागे ठेवू नका. दावा करायची वेळ आली की पॉलिसीवरचं नाव आणि प्रमाणपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहतात. रोमन स्पेलिंगही एकच ठेवा. ‘एकवीरा’ एका कागदावर दोन ‘ई’नी आणि दुसऱ्यावर एका ‘आय’ने लिहिलं गेलं, तर संगणकाला त्या दोन वेगळ्या बोटी वाटतात. स्पेलिंग अर्जातच पक्कं करा आणि पुढे सगळीकडे तेच उतरवा.

हे सगळं झालं की पेंटरला बोलवा. लाइफबॉयच्या रिंगा, लाइफ जॅकेटं आणि जाळ्याचे बोये यांवरचं जुनं नावही त्याच दिवशी बदलून घ्या. जुन्या नावाची रिंग वाहत कुठे सापडली, तर शोध भलत्याच बोटीचा सुरू होतो.

प्रश्न : नवी बोट बांधतोय. घरच्यांना ‘श्री एकवीरा आई प्रसन्न’ हवंय, धाकटा भाऊ ‘साईप्रसाद ३’ म्हणतो, कारण आधीच्या दोन बोटी १ आणि २ आहेत. कोणतं बरं? – वाचक, सातपाटी

दोन्ही नावांमागची भावना आम्हाला मान्य आहे, पण दोन्ही नावं वायरलेसवर अडचणीची आहेत.

नाव बघण्यापेक्षा ऐकण्यात जास्त येतं. व्हीएचएफ सेटवरून (बोटीवरच्या वायरलेसवरून) आवाजाचा साधारण ३०० ते ३,००० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. ‘स’सारख्या अक्षराचा जोर बराचसा त्याच्या वर असल्याने ते वाटेतच पुसट होतं. इंजिनाच्या आवाजात ‘साई’, ‘ताई’ आणि ‘आई’ सारखीच ऐकू येतात. शेवटचा ‘तीन’ तर बोलायचं बटण लवकर सुटल्यामुळे अनेकदा जातच नाही. मग ‘साईप्रसाद’ अडचणीत आहे हे कळतं, पण तिघींपैकी कोणती ते कळत नाही. म्हणून भावंडांच्या बोटींना आकडे देऊ नका, वेगळे शब्द द्या : साईप्रसाद, साईगंगा, साईमल्हार. पहिला शब्द घराण्याचा राहील आणि दुसऱ्यावरून बोट ओळखता येईल.

लांबीचा मुद्दा वेगळा. बोटीवर एआयएस (बोटीचं नाव आणि जागा आजूबाजूच्या जहाजांना आपोआप कळवणारं यंत्र) बसवणार असाल, तर त्यात नावाला मोकळ्या जागा धरून २० रोमन अक्षरांचीच जागा असते. ‘श्री एकवीरा आई प्रसन्न’ रोमनमध्ये २५ च्या आसपास जातं. मग मोठ्या जहाजाच्या पडद्यावर ‘श्री एकवीरा आई प्र’ एवढंच दिसतं आणि त्या नावाच्या बोटी कोकणात कितीतरी असतील. संकटाच्या हाकेत ‘मेडे’ तीनदा म्हटल्यावर बोटीचं नावही तीनदा सांगायचं असतं, मग जागा, काय झालंय आणि माणसं किती. हे चॅनल १६ वर. बोटीत पाणी भरत असताना चार शब्दांचं नाव तीनदा म्हणून पाहा, म्हणजे अडचण लक्षात येईल.

आमचा सल्ला असा : नोंदणीला ‘एकवीरा’ आणि त्याला जोडून गावाचं, पाड्याचं किंवा घरातल्या कुणाचं नाव, असे दोनच शब्द द्या. ‘श्री’ आणि ‘प्रसन्न’ केबिनच्या कपाळावर हवं तेवढं मोठं लिहा. तिथे ते शोभतंही आणि कागदात येत नाही. ठरवण्यापूर्वी बंदरातल्या बोटींची यादी सोसायटीत पाहा. मग निवडलेलं नाव दुसऱ्या बोटीच्या सेटवरून, इंजिन चालू ठेवून, तांडेलाला (बोट चालवणाऱ्या प्रमुखाला) ऐकवा. दोनदा विचारावं लागलं, तर नाव बदला.

प्रश्न : लाकडी बोटीवरचं नाव दर वर्षी सोलून निघतं. फायबरच्या होडीवर उलट तक्रार आहे : जुनं नाव काढलं तरी दिसतंच. – वाचक, देवगड

लाकडापासून सुरुवात करू. रंग सुटण्याची मुख्य कारणं दोन, ओल आणि तेल. ज्या फळ्यांना वर्षानुवर्षं माशाचं तेल चोळलंय, त्यांवर ऑईल पेंट धरत नाही. नावाची जागा खरवडून झाल्यावर थिनरच्या फडक्याने पुसा, फडकं बदलून पुन्हा पुसा, पिवळेपणा यायचा थांबेपर्यंत. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर १२०. प्रायमर पूर्ण वाळू द्या. खाचा असतील तिथे लांबी (पुट्टी) भरून २२० ने घासा. मग जमिनीचा (अक्षरांमागचा) रंग दोन हात आणि अक्षरं दोन हात. दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्या. बोटाला चिकटत नाही म्हणजे वाळला असं नाही. नखाने दाबल्यावर खूण उठता कामा नये. जुलैत हे काम करायचं तर उघडीप बघून सकाळी दहानंतर हात घाला आणि तीनपर्यंत आटपा. संध्याकाळच्या दमट हवेत ताजा ऑईल पेंट पांढुरका पडतो आणि त्याची चमक जाते. आणखी एक : जुन्या ऑईल पेंटवर पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारू नका. त्यातलं थिनर खालच्या थराला फुगवतं आणि रंगाच्या सुरकुत्या उठतात.

अक्षरांच्या आखणीत पेंटर हमखास चुकतात ते ठिकाण म्हणजे फळ्यांचा सांधा. देवनागरीची शिरोरेषा सांध्यावर आली, तर बोट लाटेवर हलली की सांध्यातला कापूस आणि लांबी सरकते आणि रेघ सगळ्यात आधी तडकते. शिरोरेषा फळीच्या मधोमध बसवा. वर वेलांटी-मात्रांना आणि खाली उकारांना अक्षराच्या उंचीच्या निम्मी-निम्मी जागा सोडा. ओळ जमिनीला समांतर आखू नका. बोटीचा वरचा काठ नाळेकडे (पुढच्या टोकाकडे) चढत जातो, ओळही त्याच चढाने जायला हवी. त्यासाठी काठापासून ठरावीक अंतरावर तीन-चार खुणा करून खडूची सुतळी मारा.

दोन बाजूंची मापं वेगळी पडतात. डाव्या बाजूला नाव नाळेपासून सुरू होतं, उजव्या बाजूला नाळेजवळ संपतं. पेंटर उजव्या बाजूलाही पहिल्या अक्षरापासून अंदाजाने निघाला, तर शेवटची अक्षरं नाळेच्या वळणावर चेपतात. कागदी साचा करून दोन्हीकडे नाळेपासून सारखं अंतर सोडून चिकटवा, मगच ब्रश घ्या. उंचीचा ढोबळ हिशेब असा : १० सेंटिमीटरचं अक्षर १२ मीटरवरून सहज वाचता येतं आणि स्वच्छ हवेत ५०-६० मीटरवर जेमतेम. त्यामुळे नोंदणी क्रमांक नावापेक्षा मोठा ठेवला तर बरं. राज्याने बोटींसाठी ठरवून दिलेल्या रंगाला मात्र हात लावू नका.

आता फायबर. जुनं नाव दिसतं, कारण अक्षरांखालच्या जेलकोटला (फायबरवरच्या चकचकीत थराला) ऊन लागलेलं नसतं. आजूबाजूचा उडालेला असतो. अक्षरं रेडियमची असतील तर हेअर ड्रायरने कोमट करून एका कोपऱ्यापासून हळू ओढा, उरलेला गोंद रॉकेलच्या फडक्याने काढा आणि साबणाने धुवा. पत्र्याच्या पात्याने खरवडू नका. मग आजूबाजूचा भाग (अक्षरांचा नव्हे) पाण्यातल्या ८०० च्या पेपरने हलका घासा, नंतर १२००, मग २००० आणि शेवटी रबिंग कंपाउंड. जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. खालचे काचेचे धागे दिसायला लागले, तर पाणी आत शिरायला वाट झाली. तिथवर जाऊ नका. एवढं करूनही छाया राहिली, तर सरळ रंगाचा पट्टा मारून त्यावर नवं नाव घाला.

प्रश्न : नाव बदललं की बोटीला लाभत नाही असं जुनी माणसं म्हणतात. खरं काय? – वाचक, वेंगुर्ले

नाव बदललेली जहाजं दीर्घकाळ टिकल्याची उदाहरणं आहेत. वाडियांनी मुंबईत सागवानात बांधलेलं आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ पुढे इंग्लंडमध्ये कित्येक दशकं ‘फुद्रॉयां’ या नावाने प्रशिक्षणासाठी वापरलं गेलं. १९९२ मध्ये त्याला जुनं नाव परत मिळालं आणि आज ते हार्टलपूलला तरंगतं आहे. आपलं ‘विराट’ आधी ब्रिटिश नौदलात ‘हर्मिस’ होतं. १९८७ ते २०१७ ते आपल्या नौदलाच्या सेवेत राहिलं.

तरी घरातल्यांचं मन राखा. ज्या बोटीवर माणसं जीव सोपवतात, तिच्याबद्दल खलाशांच्या मनात किंतू नको. ग्रामदेवतेचा कौल घ्यायची रीत असेल तर अर्ज करण्यापूर्वी घ्या, नंतर नको. वसईकडे धर्मगुरूंना बोलावून आशीर्वाद घेतात. जुनं नाव देवाचं असेल तर खाली ताडपत्री अंथरून मगच खरवडा, म्हणजे ते पायदळी येत नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे ही ताडपत्री तब्येतीसाठीही हवी. पेपर ओला ठेवून घासा, तोंडाला मास्क लावा आणि पोरांना तिथे खेळू देऊ नका.

प्रश्न : न्यू जर्सीत शिडाची छोटी बोट घेतली आहे. मराठी नाव देता येईल का? – वाचक, न्यू जर्सी

येईल. बोट फक्त राज्यात नोंदलेली असेल, तर नाव ऐच्छिक आहे. नाळेच्या दोन्ही बाजूंना किमान ३ इंची नोंदणी क्रमांक मात्र हवा. कोस्ट गार्डकडे ‘डॉक्युमेंटेशन’ करायचं असेल (त्यासाठी बोट किमान ५ नेट टनांची आणि मालक अमेरिकी नागरिक हवा), तर नाव रोमन लिपीत, जास्तीत जास्त ३३ अक्षरांचं लागतं. मदतीच्या हाकेसारखं ऐकू येणारं किंवा अश्लील नाव चालत नाही. नाव आणि नोंदणीचं गाव बोटीच्या बाहेरून दिसेल असं एकत्र, किमान ४ इंची अक्षरांत लिहायचं. पुढे नाव बदलायचं झालं, तर सीजी-१२५८ हा अर्ज भरावा लागतो. बोटीवर कर्ज असेल तर त्याआधी सावकाराची संमती लागते.

निवडताना एवढं बघा की तिथल्या रेडिओवाल्याला ते अक्षर-अक्षर सांगावं लागणार आहे. गोव्यात बांधलेल्या आणि नदीचं नाव घेतलेल्या नौदलाच्या ‘म्हादेई’ने २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांच्यासह पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिचं नाव सहा रोमन अक्षरांत संपतं : माइक, हॉटेल, अल्फा, डेल्टा, एको, इंडिया. ‘ज्ञ’, ‘ळ’, ‘क्ष’ असलेली नावं रोमनमध्ये प्रत्येक जण वेगळी लिहितो, ती टाळा. देवनागरीतलं नाव हवंच असेल तर ते केबिनवर वेगळं लिहा, नोंदणीच्या नावाशेजारी नको.