चार इंजिनांची प्रवासी विमानं आता इतकी कमी का झाली?

मुख्य कारण म्हणजे दोन इंजिनांवर बसलेला विश्वास. पूर्वी अमेरिकी नियमानुसार दुइंजिनी विमानाला, एक इंजिन बंद पडलं तरी ६० मिनिटांत एखादा विमानतळ गाठता येईल, अशाच मार्गाने जावं लागे. महासागरावर त्यामुळे मोठा वळसा पडायचा. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांवर गेली आणि बोइंग ७६७ चा अटलांटिकवर जम बसला. पुढे एअरबस ए३५० ला तर ३७० मिनिटांपर्यंतची मुभा मिळाली. मग चार इंजिनांचं इंधन आणि देखभाल कंपन्या कशाला सोसतील? चार इंजिनांच्या विमानांपैकी शेवटचं एअरबस ए३८० डिसेंबर २०२१ मध्ये सुपूर्द झालं, शेवटचं बोइंग ७४७ जानेवारी २०२३ मध्ये, तेही मालवाहू. पंखांखालची आणि पोटाखालची सोळा चाकं खाली सोडून ७४७ उतरताना दिसलं, की मी आजही हातातलं काम टाकून बघत राहतो.